पाय आपोआप उडतो म्हणजे ताकद परत आली का?

कोपरीची_फिजिओ

लकव्याच्या पेशंटांना घरी जाऊन व्यायाम देणं हे माझं काम. कोपरी, कळवा, खारेगाव हा माझा पट्टा. मेंदूच्या अटॅकनंतर काही आठवडे गेले की जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न येतोच: "ताई, काल बाबांचा पाय आपोआप थडथड उडत होता. ताकद यायला लागली ना?" विचारणाऱ्याला इतकी आशा असते की दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन निघणं मला पटत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी निरोगी गुडघा घेऊ. डॉक्टर पाय लोंबता ठेवायला सांगतात, वाटीच्या खाली रबरी हातोडी मारतात आणि पाय पुढे उडतो. हातोडी हाडावर मारायची नसते, कंडरेवर मारायची असते. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला चिकटतो, तो हा जाड पट्टा. तो किंचित आत दबला की वरचा अख्खा स्नायू किंचित ताणला जातो. ताण फार थोडा असतो, पण अचानक असतो.

स्नायूच्या आत, नेहमीच्या तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीचे बारीक मापक असतात. त्यांचं नाव मसल स्पिंडल. प्रत्येक स्पिंडलमध्ये मोजके खास स्नायूतंतू असतात आणि त्यांच्या मधल्या भागावर एक चेतातंतू वेटोळं घालून बसलेला असतो. स्नायू लांबला की स्पिंडल लांबतं, वेटोळं ताणलं जातं आणि तिथून संदेश निघतो. स्नायू किती लांबला हे तो सांगतोच, पण किती वेगाने लांबतोय हे त्याहून जोरात सांगतो. वेगाचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

हा संदेश नेणारे तंतू 'वन-ए' वर्गातले, म्हणजे शरीरातल्या सर्वांत जाड आणि वेगवान तंतूंपैकी. माणसात त्यांचा वेग सेकंदाला साधारण ६० ते ७० मीटर. ते पाठीमागच्या बाजूने मेरुरज्जूत (कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या दोरात) शिरतात आणि त्याच स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशीला, अल्फा मोटर न्यूरॉनला, थेट जाऊन मिळतात. मध्ये दुसरी पेशी नाही, एकच सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा. त्या पेशीतून हुकूम सुटतो, क्वाड्रिसेप्स आकुंचन पावतो, पाय उडतो. हातोडी पडल्यापासून स्नायूत विद्युत हालचाल दिसेपर्यंत सुमारे २० मिलिसेकंद लागतात. ठरवून पाय हलवायचा म्हटलं तर याच्या सात ते दहा पट वेळ जातो. मेंदूला बातमी मिळते, पण तोवर हुकूम सुटून गेलेला असतो.

त्याच संदेशाची एक फांदी मेरुरज्जूतल्या एका छोट्या मधल्या पेशीकडे जाते. ती पेशी मांडीमागच्या, गुडघा वाकवणाऱ्या स्नायूंना थोपवते. नाहीतर दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ओढायला लागले असते आणि पाय जागचा हललाच नसता.

थोडक्यात, जो स्नायू अचानक ताणला गेला त्याला त्याच्या लांबीवर परत आणणं, हे या वर्तुळाचं काम. मग यात मेंदूचं काय काम? तो हे वर्तुळ चालवत नाही, त्याचा जोर ठरवतो. मेंदूकडून मेरुरज्जूत उतरणाऱ्या काही वाटा ते चेतवतात, काही दाबून ठेवतात, आणि निरोगी माणसात दाबून ठेवणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. लकव्यात नेमका तो दाब सुटतो. सुरुवातीला हातपाय ढिले पडतात, हातोडीलाही दाद देत नाहीत. पुढे काही दिवसांत किंवा आठवड्यांत खालचं वर्तुळ जागं होतं, पण आता त्याला आवरणारं वर कोणी उरलेलं नसतं.

म्हणून आपोआप उडणारा पाय एवढंच सांगतो की खालचं वर्तुळ शाबूत आहे आणि मोकाट आहे. मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचतोय, असं तो सांगत नाही. ताकद बघायची तर पेशंटला सांगा, "पाय हळू उचला." मग म्हणा, "थांबा." सांगितल्यावर हलला आणि सांगितल्यावर थांबला, तर ती ताकद.

ढिलेपणा जाऊन थोडा ताठरपणा येणं हा अनेकांच्या सुधारणेतला एक टप्पा असतो, हेही खरं. त्यामुळे पाय उडाला म्हणून घाबरू नका. फक्त तो उडवून बघण्याचा व्यायाम करू नका.

ऐरोलीकर

ताई, जणू आमच्या घरी बसून लिहिलंत. बाबांना उजव्या बाजूचा अटॅक आला. व्हीलचेअरच्या फूटरेस्टवर पाय ठेवला की टाच वर-खाली व्हायला लागते आणि थांबतच नाही. आई म्हणते पाय चालायची तयारी करतोय. मला एक कळत नाही, हातोडीने पाय एकदाच उडतो, मग हा लयीत का उडत राहतो?

वागळेचा_वारा

आमच्याकडे मालिश करणारे काका म्हणतात पाय जितका जोरात उडेल तितकी नस मजबूत. ते पायाला झटके देऊन नस मोकळी करतात. हे चूक आहे का?

कोपरीची_फिजिओ

@वागळेचा_वारा, झटका म्हणजे वेगाने ताणणं, आणि स्पिंडल वेगालाच सर्वांत जास्त दाद देतं. ऑस्ट्रेलियाचे न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये या ताठरपणाची जी व्याख्या मांडली ती अजून वापरतात, आणि तिचा गाभाच हा आहे: ताणायचा वेग वाढवला तसा विरोध वाढतो. तोच हात हळू उघडला तर बराच उघडतो, झटक्यात उघडला तर अडकतो. त्यामुळे लकव्याच्या पायाला झटके देऊ नका. हलक्या हाताने, सावकाश तेल लावायला माझी काही हरकत नाही.

नस मजबूत असण्याचा आणि रिफ्लेक्स (ही आपोआप उडण्याची प्रतिक्षिप्त क्रिया) जोरात असण्याचा संबंध नाही. धडधाकट माणसांतही कुणाचा पाय भरपूर उडतो, कुणाचा जेमतेम. डॉक्टर ० ते ४ अशी श्रेणी देतात, त्यात २ ही सर्वसाधारण. पण आकड्यापेक्षा ते डावं-उजवं सारखं आहे का, वर-खाली फरक आहे का, हे बघतात.

@ऐरोलीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहिते, पेशंटकडे निघालेय.

तुर्भे_ते_ठाणे

ताई येईपर्यंत मी प्रयत्न करतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, आता निवृत्त. ताईंचं वाचताना मला आमचा लेव्हल कंट्रोलचा लूप दिसला. टाकीतली पातळी मोजणारा ट्रान्समीटर, त्यावरून व्हॉल्व्ह उघडणारा कंट्रोलर. इथे पातळीच्या जागी स्नायूची लांबी, ट्रान्समीटर म्हणजे स्पिंडल, व्हॉल्व्ह म्हणजे स्नायू.

अशा लूपमध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या की तो झुलायला लागतो: वाढलेला गेन (फरकाला किती जोरात उत्तर द्यायचं ते) आणि वाटेतला उशीर. मापन पोचून व्हॉल्व्ह हलेपर्यंत पातळी पुढे गेलेली असते, म्हणून दुरुस्ती नेहमी उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त होते, मग उलट दिशेने जास्त, पुन्हा उलट. गेन कमी असेल तर हे हेलकावे विरून जातात. गेन वाढवला तर चालूच राहतात. लकव्यात मेंदूचा दाब सुटला म्हणजे गेन वाढला, आणि उशीर तर नसांच्या लांबीमुळे मुळातच आहे. बाबांचा पाय त्यामुळेच लयीत हलत असावा. ताई, बरोबर आहे का?

कोपरीची_फिजिओ

काका, अगदी बरोबर. या लयीत उडण्याला क्लोनस म्हणतात. घोट्यात तो सेकंदाला साधारण ५ ते ८ वेळा होतो. हिशोब असा लागतो: पोटरीपासून मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत यायला ३५-४० मिलिसेकंद. पण पोटरीचा स्नायू हुकूम मिळाल्यावर पूर्ण जोर धरायला आणखी सुमारे १०० मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात टाच वर जाते, स्नायू आखडलेला असल्याने स्पिंडल गप्प होतं, स्नायू सुटतो, पायाच्या भाराने टाच झपकन खाली येते, आणि पोटरी पुन्हा वेगाने ताणली जाते. की पुढची फेरी सुरू.

@ऐरोलीकर, फूटरेस्टवर हे का होतं ते आता कळेल. पायाचा पुढचा भाग आधी टेकतो, टाच अधांतरी राहते, पोटरीला झटका बसतो. पाय ठेवताना टाच आधी टेकवा, मग बाकीचा पाय. सुरू झालंच तर गुडघ्यावर तळहात ठेवून सरळ खाली, सावकाश, सलग भार द्या, म्हणजे टाच टेकलेली राहील. बहुतेकदा थांबतं. आईंना चिडून सांगू नका. पाय हलतोय हे त्यांचं बघणं खरंच आहे, फक्त तो कोणाच्या हुकमाने हलतोय हा प्रश्न आहे.

ऐरोलीकर

आत्ताच करून पाहिलं. भार दिल्यावर थांबलं! आईलाही दाखवलं. खूप आभार ताई, आणि काका तुमचेही.

बारावी_ब

छान धागा. माझी शंका: आमच्या क्लासच्या नोट्समध्ये प्रतिक्षिप्त क्रियेत तीन चेतापेशी आहेत, संवेदी, मधली आणि प्रेरक. उदाहरण गरम तव्याला हात लागण्याचं. इथे तर मधली पेशीच नाही म्हणता. परीक्षेत काय लिहू?

प्रयोगवही

बाळा, दोन्ही खरं आहे, कारण त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांबट लिहितो.

तव्याचा चटका त्वचेतल्या वेदनेच्या टोकांना बसतो. तिथून निघणारे तंतू बारीक आणि सावकाश, आणि मेरुरज्जूत एकापेक्षा जास्त सिनॅप्स ओलांडून अनेक स्नायूंना मिळून हुकूम जातो: कोपर वाकव, खांदा मागे घे. पायाला काटा टोचला तर तो पाय वर येतो आणि दुसरा पाय भार घेण्यासाठी ताठ होतो. हे सगळं एका सिनॅप्सने शक्य नाही. गुडघ्याच्या क्रियेत मापक त्याच स्नायूत आणि उत्तरही त्याच स्नायूत, म्हणून वाट सरळ. परीक्षेत तव्याचं उदाहरण दिलं तर मधली पेशी दाखव. गुडघ्याचं दिलं तर क्वाड्रिसेप्सकडे जाणारी वाट थेट दाखव आणि मागच्या स्नायूला थोपवणारी फांदी मधल्या पेशीतून काढ. ही फांदी काढणारे विद्यार्थी फार कमी असतात, आणि खरी समज तिथेच दिसते.

ही माहिती कशी मिळाली ते ऐकण्यासारखं आहे. १८७५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच नियतकालिकात, गुडघ्याच्या या उडीचं वर्णन छापलं. गंमत म्हणजे वेस्टफाल यांना ती प्रतिक्षिप्त क्रिया वाटतच नव्हती, स्नायूच थेट ठोक्याला उत्तर देतो असं त्यांचं मत होतं. एर्ब म्हणाले, नाही, संदेश मेरुरज्जूतून फिरून येतो. प्रश्न बरीच वर्षं भिजत पडला, कारण उत्तर इतकं झटपट येतं की एवढ्या वेळात संदेश जाऊन परत येऊ शकेल यावर अनेकांचा विश्वास बसेना.

मग चार्ल्स शेरिंग्टन. 'सिनॅप्स' हा शब्द १८९७ मध्ये त्यांच्याकडूनच रूढ झाला. १९२४ मध्ये त्यांनी लिडेल यांच्याबरोबर मांजरावर प्रयोग केले. मांडीचा स्नायू काही मिलिमीटर ताणला तरी तो केवळ रबरासारखा ताणाने विरोध करत नाही, तर सक्रियपणे आकुंचन पावतो आणि ताणलेला असेपर्यंत जोर धरून ठेवतो. संवेदी मुळं कापली की हा जोर नाहीसा होतो. म्हणजे मेरुरज्जूतून फेरी होते हे पक्कं झालं. १९३२ मध्ये एड्गर एड्रियन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. वाटेत खरंच एकच सिनॅप्स आहे हे डेव्हिड लॉइड यांनी १९४३ मध्ये दाखवलं, मेरुरज्जूत लागणारा वेळ मोजून. तो एका मिलिसेकंदाच्या आसपास भरला, तेवढ्यात दुसरा सिनॅप्स बसत नाही.

बारावी_ब

धन्यवाद सर! आकृती काढून ठेवली.

तुर्भे_ते_ठाणे

प्रयोगवही सर आणि ताई, एक गोष्ट मला अडतेय. स्पिंडल स्नायूला समांतर बसलेलं आहे. मी स्वतःहून स्नायू आखडला तर स्पिंडल सैल पडणार. सैल पडलेला ट्रान्समीटर शून्य दाखवणार. मग प्रत्येक हालचालीच्या वेळी हे मापन बंद पडतं की काय? आणि या लूपचा सेट पॉइंट, म्हणजे लांबी किती हवी ते, कोण ठरवतं?

प्रयोगवही

काय नेमका प्रश्न विचारलात! या विषयाचं हृदयच ते आहे.

स्पिंडलच्या आतल्या खास तंतूंना स्वतःची मोटर पेशी असते, गॅमा मोटर न्यूरॉन. तिचं काम लार्स लेक्सेल यांनी १९४५ मध्ये उलगडलं. ती स्पिंडलच्या दोन्ही टोकांना आखडवते, त्यामुळे मधला मापणारा भाग ताणलेला राहतो. स्नायूची लांबी बदलत असताना मापक सैल पडू नये याची सोय. तुमच्या भाषेत, ट्रान्समीटरचा शून्यबिंदू चालू प्रक्रियेत सरकवणारी यंत्रणा.

१९५३ मध्ये मर्टन यांनी यावरून एक फार देखणी कल्पना मांडली. मेंदू स्नायूला थेट हुकूम देतच नसेल. तो आधी गॅमा पेशीतून स्पिंडल आखडवत असेल, त्यामुळे स्पिंडलला वाटेल स्नायू ताणलाय, आणि मग रिफ्लेक्सने स्नायू आपोआप त्या लांबीला येईल. म्हणजे मेंदू फक्त सेट पॉइंट बदलणार, बाकी लूप बघून घेणार. नियंत्रणशास्त्र शिकलेल्या कोणालाही हे लगेच पटेल.

तपासायचं कसं? स्वीडनमध्ये उप्साला इथे १९६० च्या दशकात हाग्बार्थ आणि व्हाल्बो यांनी जाग्या माणसाच्या नसेत बारीक सुई-इलेक्ट्रोड घालून एकेका चेतातंतूचे संदेश टिपण्याची रीत बसवली. सुरुवातीचे बरेच प्रयोग त्यांनी एकमेकांवर केले. मर्टन बरोबर असते तर हालचाल करताना आधी स्पिंडलचा संदेश वाढायला हवा होता, मग स्नायू. व्हाल्बो यांना उलटा क्रम दिसला. आधी स्नायू हलतो, स्पिंडलचा संदेश थोडा नंतर वाढतो. मेंदू अल्फा आणि गॅमा दोघींना बरोबरच हुकूम देतो. हालचाल अल्फा घडवते, गॅमा त्याच वेळी मापक नीट ताणून धरते, आणि ठरल्यापेक्षा वेगळं काही घडलं, ओझं अपेक्षेपेक्षा जड निघालं, तर तेवढा फरक रिफ्लेक्सला दिसतो.

तुर्भे_ते_ठाणे

म्हणजे फीड-फॉरवर्ड (हुकूम आधीच द्यायचा), आणि फीडबॅक फक्त चुकीपुरता. एवढा उशीर असलेल्या लूपला हीच रचना शहाणपणाची. मर्टन यांच्या रचनेत प्रत्येक हालचालीला लूपचा उशीर भरावा लागला असता. वा, सर.

येऊरची_वाट

अवांतर नाही ना? ठाणे वर्षा मॅरेथॉनची तयारी चालू आहे. उपवन तलावापाशी जमतो आणि येऊरच्या चढावर पळतो. आमच्या ग्रुपमध्ये काही जण सुरुवातीला पायाची बोटं धरून हिसके देत स्ट्रेचिंग करतात. मला हॅमस्ट्रिंगला (मांडीमागच्या स्नायूला) त्रास झाला त्यातून. वर वेगाचं वाचून वाटलं, याचा संबंध असेल.

कोपरीची_फिजिओ

मुळीच अवांतर नाही. हिसका दिला की तुम्ही हॅमस्ट्रिंग लांबवायला बघताय आणि रिफ्लेक्स त्याच क्षणी तो आखडायला बघतोय. एकाच स्नायूत दोन्ही. सावकाश ताणून धरलं तर वन-ए तंतूंचा जोरकस वेगाचा संदेश उठतच नाही.

पण जिममध्ये जे सांगतात, की ३० सेकंद धरल्यावर कंडरेतला गोल्जी मापक स्नायूला कायमचा सैल करतो, ते आता फारसं टिकत नाही. गोल्जीचा मापक लांबी नाही, ओढ मोजतो, आणि त्याचा परिणाम थोडा वेळच टिकतो. नियमित स्ट्रेचिंगने पाय जास्त लांब जातो याचं मोठं कारण म्हणजे ताण सहन करण्याची आपली क्षमता वाढते.

आणि रिफ्लेक्स धावताना शत्रू नाही. पाय जमिनीवर पडतो तेव्हा पोटरी झपकन ताणली जाते आणि पाऊल सुटताना ती जो जोर लावते, त्यात या रिफ्लेक्सचा हातभार असतो. पळण्याआधी चालणं, हलक्या उड्या, गुडघे वर घेणं असं अंग गरम करा, लांब धरायचं स्ट्रेचिंग नंतर. येऊरचा उतार उतरताना मांडीवर येणारा ताण जास्त त्रासदायक असतो, तो आधी हळूहळू वाढवा.

नेरुळची_मावशी

मी वाचतेच फक्त, पण विचारावंसं वाटलं. मधुमेह जुना आहे. परवा डॉक्टरांनी टाचेच्या वर हातोडी मारली, पाय हललाच नाही. दुसऱ्यांदा हाताची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगितली, तरी नाही. ते काही बोलले नाहीत, लिहून घेतलं. इथे पाय जास्त उडण्याबद्दल चाललंय, माझा तर उडतच नाही.

प्रयोगवही

वहिनी, बोटं अडकवून ओढायची युक्ती हंगेरीच्या येन्द्रासिक यांची, १८८० च्या दशकातली. वर जोर लावला की खालचे रिफ्लेक्स थोडे चेततात, आणि लपलेला रिफ्लेक्स दिसतो. तरी आला नाही म्हणजे खरंच मंद आहे.

टाचेचा रिफ्लेक्स मेरुरज्जूशी जोडलेल्या नसांच्या मुळांपैकी एस-१ या मुळातून जातो, गुडघ्याचा मुख्यतः एल-३, एल-४ मधून. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून टाच गुडघ्याच्या आधी गप्प होते. वयानुसारही तो बऱ्याच जणांत मंदावतो, त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नका.

कोपरीची_फिजिओ

मावशी, सरांच्या म्हणण्यात माझी भर. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल, त्यातून शाकाहारी असाल, तर बी-१२ तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. तेही नसांना लागतं. आणि रोज रात्री तळवे उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. नसा मंद असल्या की चप्पल चावलेली कळत नाही.

टाचेचा रिफ्लेक्स एकाच बाजूला गेला असेल आणि कंबरेतून कळ पायाच्या करंगळीकडे जात असेल, तर गोष्ट वेगळी, ती मणक्यातल्या चकतीची असू शकते. आणि उलट, कुणाचे दोन्ही गुडघे नव्याने फार उडायला लागले, शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळायला लागली, चाल ताठ झाली, तर मानेत मेरुरज्जूवर दाब येतोय का ते बघावं लागतं. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

नेरुळची_मावशी

बी-१२ कधी तपासलं नाहीये. विचारते. खूप आभार.

ट्रान्सहार्बर_वाली

रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये उभी असते. वरची कडी धरायला मिळाली नाही तरी घणसोलीच्या आधी ब्रेक लागला की पडत नाही. हा तोच रिफ्लेक्स का? मग म्हातारी माणसं का पडतात, त्यांनाही रिफ्लेक्स असणारच.

कोपरीची_फिजिओ

तोच, पण एकटा नाही. ब्रेक लागला की अंग पुढे जातं, पोटरी ताणली जाते, ४० मिलिसेकंदांत पहिला छोटा जोर येतो. तेवढ्याने तोल सावरत नाही. खरा सावरणारा जोर सुमारे १०० मिलिसेकंदांनी येतो. त्याची वाट लांब आहे, त्यात मेंदूही सामील असतो, आणि तो आधीच्या अनुभवावरून बदलतो.

लुईस नॅशनर यांचा १९७६ चा प्रयोग मला फार आवडतो. माणसाला फळीवर उभं केलं. फळी मागे सरकवली की अंग पुढे झुकतं, पोटरी ताणली जाते, तिचा जोर अंगाला मागे खेचतो, तोल सावरतो. मग न सांगता फळी सरकवायच्या ऐवजी पुढून वर तिरकी केली. पोटरी तशीच ताणली गेली, पण आता तिच्या जोराने माणूस मागे पडायला लागला. काही प्रयत्नांतच बहुतेकांनी हा जोर आपोआप कमी केला. म्हणजे जोर किती हवा हे परिस्थिती बघून ठरतं. तुम्ही रोज तीच गाडी, तोच ब्रेक अनुभवता, तुमचा जोर त्या गाडीला जुळलेला आहे.

वयानुसार संदेश सावकाश होतात, स्नायूंचा जोर घटतो, तळव्यांची जाणीव कमी होते, नजर आणि आतला कानही साथ कमी देतात. एकट्या रिफ्लेक्सला दोष देता येत नाही. पण तोल सावरण्याचा सराव म्हातारपणीही उपयोगी पडतो, हे मी रोज बघते. ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्यापासून सुरुवात करायची, आणि जवळ कोणीतरी हवं.

ऐरोलीकर

ताई, पुन्हा त्रास देतो. टाच आधी टेकवून बरं चाललं होतं. पण दोन दिवस झाले, बाबांचा पाय खूपच उडतोय, रात्री झोपेतही. भार देऊन थांबत नाही. ताठरपणावरची बॅक्लोफेनची गोळी चालू आहे, तेवढीच. डोस वाढवावा का?

कोपरीची_फिजिओ

डोस स्वतःहून वाढवू नका आणि बंद तर मुळीच करू नका. बॅक्लोफेन मेरुरज्जूत स्पिंडलचा संदेश पुढे पोचायला अटकाव करतं. ते एकदम थांबवलं तर ताठरपणा उसळतो, आकडीसुद्धा (फिट) येऊ शकते.

असं अचानक वाढलं की आधी शरीरात दुसरं काही खुपतंय का ते शोधायचं. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, टाचेवर किंवा माकडहाडाशी सुरू झालेली जखम, वाढलेलं नख, घट्ट मोजा किंवा पट्टा. बाबांना दुखल्याचं कळत नसेल, सांगता येत नसेल, पण मेरुरज्जूत ते संदेश पोचतात आणि वर्तुळ आणखी चेततं. लघवीला वास किंवा गढूळपणा आहे का? ताप? पोट कधी साफ झालं?

ऐरोलीकर

ताप नाही. लघवी गढूळ आहे, आईने आत्ता सांगितलं. टाच बघितली, लाल दिसतेय पण फुटलेली नाही.

कोपरीची_फिजिओ

सकाळी पहिल्या लघवीचा नमुना द्या, आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून पाय उडणं वाढल्याचं आणि लघवीचं दोन्ही सांगा. रात्री ताप चढला, थंडी वाजली किंवा बाबा गोंधळल्यासारखे बोलले तर सकाळपर्यंत थांबू नका, तडक दवाखान्यात न्या.

टाचेखाली काही ठेवू नका, पोटरीखाली मऊ उशी द्या, म्हणजे टाच अधांतरी राहील आणि लाली उतरेल. बसवताना मात्र आधीसारखंच, टाच टेकवून. परवा ऐरोलीच्या बाजूला यायचं आहे, तेव्हा फूटरेस्टची उंची बघून देते. बहुतेक ती जास्त खाली आहे.